कासव घेऊन कराडला

कराडला माणसं लग्नाला जातात, कृष्णा-कोयनेचा संगम बघायला जातात, नाहीतर कोल्हापूरला जाताना चहापुरती थांबतात. आम्ही कराडला गेलो ते परत पुण्याला येऊन डिझेल भरण्यासाठी. असा प्रवास ज्यांनी केलेला नाही, आणि शहाण्या माणसांनी तो करूही नये, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आम्ही म्हणजे तिघं. माझा थोरला भाऊ श्रीकांत, त्याला मी दादा म्हणते, त्याची बायको वासंती, म्हणजे माझी वहिनी, आणि मी. वहिनीची खडकवासल्याच्या रस्त्याला रोपवाटिका आहे. दादा गाड्यांच्या एका कारखान्यात डिझाइनला होता. गाडीवरून वारा कसा जातो हे बघणारा त्याचा विभाग एके दिवशी बंद झाला आणि दादा घरी बसला. घरी बसला म्हणजे अक्षरशः बसला. आधी त्याच्या बडबडीला वैतागलेली वहिनी त्याच्या गप्प बसण्यानं घाबरली. मग रोपं पोचवायला म्हणून एक जुनी पिकअप घेतली आणि दादा पुन्हा बोलायला लागला, गाडीशी का होईना.

पण गाडी डिझेल फार प्यायची. वहिनी हिशेबाला पक्की. लागेल तेव्हा टेम्पो भाड्यानं आणू, पिकअप विकू, असं तिनं ठरवलं. हिंजवडीतल्या एका ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासायची खुर्ची दादाची वाट बघत होती, ती त्यानं घ्यावी. गिऱ्हाईकही मिळालं, उरुळीचं. ते रविवारी सकाळी गाडी न्यायला येणार होतं.

दादानं एक संधी मागितली. हौद्यावर मी एक झाकण बसवतो, म्हणाला, गाडी लिटरला तेरा देईल. उघड्या हौद्यानं ती अकरा देते, हे आम्ही आदल्या शनिवारी कराडला जाऊन-येऊन मोजलं होतं.

"तेरा म्हणजे तेरा," वहिनी म्हणाली. "बारा पूर्णांक अमुक नाही चालणार. आणि मोजणार मीनल."

मीनल म्हणजे मी. सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकलं घेते. घरी बसून रचलेली रीडिंगं मला वासानं कळतात, अशी माझी ख्याती आहे. नणंद असून वहिनीचा माझ्यावर विश्वास आहे, याचं आमच्या नात्यागोत्यात अजून सगळ्यांना नवल वाटतं.

खडकवासला, शुक्रवार

प्रवासाची खरी सुरुवात धरणाच्या भिंतीपाशी झाली, माझ्या स्कूटरवर.

उघडा हौदा असला की टपावरून आलेला वारा हौद्यात कोसळतो आणि मागच्या फाळक्यावर आपटतो. म्हणजे गाडी दिवसभर एक भिंत ढकलत असते. दादाचं झाकण टपापासून निघून फाळक्यापर्यंत अलगद उतरत होतं, म्हणजे वाऱ्यानं टपावरून सरळ मागे निघून जावं. सांगाडा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा आणि बांबूच्या कामट्यांचा. त्यावर ताणून बसवलेलं कापड म्हणजे चौकातून उतरवलेला वाढदिवसाचा फ्लेक्स. पांढरी बाजू वर, छापलेली आत. त्यामुळे वहिनीच्या जास्वंदी आणि कडीपत्ते एका हात जोडलेल्या भावी नगरसेवकाच्या छत्राखाली प्रवास करणार होते.

"हे कासव आहे," झाकण बघून वहिनी म्हणाली. "तुमचं हे कासव वाटेत कुणाच्या डोक्यात पडलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

मी हसले, पण मला नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

झाकणावर दादानं लोकरीचे वीतवीतभर धागे चिकटवले होते. तो गाडी चालवणार आणि मी मागून स्कूटरवर धागे बघणार. धागे सरळ मागे झोपले तर वारा नीट जातोय. नाचायला लागले तर उतार चुकला. सकाळी धरणावर कणीस खायला आलेली माणसं माझ्याकडे बघत होती. पिकअपच्या बुडाशी स्कूटर लावून मान उंचावून लोकर बघणारी बाई त्यांनी याआधी पाहिली नसावी.

पहिल्या फेरीत टपाजवळचे धागे शहाण्यासारखे झोपले आणि मागचे सगळे थयथय नाचले. दादानं उतार कमी केला, फाळक्याजवळची कड थोडी उंच केली. चौथ्या फेरीला शेवटचा धागाही आडवा झाला. मी हॉर्न वाजवत पुढे गेले आणि अंगठा दाखवला. दादा काचेतून इतका हसला की मला एकदम रडू आलं. असं हसताना मी त्याला दोन वर्षांत बघितलं नव्हतं, आणि रविवार परवावर आला होता.

पंप, शनिवार

टाकी काठोकाठ भरायची, जाऊन यायचं, परत त्याच पंपावर काठोकाठ भरायची. जेवढं डिझेल मावलं तेवढं जाळलं. याहून साधी परीक्षा नाही, फक्त काठोकाठ म्हणजे काय हे ठरलं पाहिजे.

आपल्याकडे टाकी फुल करायची एक पद्धत आहे. नळी खट्‌कन बंद झाली की लोक गाडी धरून गदागदा हलवतात. आत अडकलेली हवा निघते आणि आणखी डिझेल मावतं. डब्यात तांदूळ भरताना आपण डबा आपटून घेतो, तसंच. महामार्गालगतच्या पंपावर त्या पहाटे दादानं सवयीनं हौदा धरला आणि पंपावरच्या माणसानं सवयीनं दुसरी बाजू. दोघांनी पिकअप अशी हलवली की आतले कडीपत्ते जागे झाले असतील. मागच्या शनिवारीही जाताना आणि येताना असंच केलं होतं.

"हलवायचं तर संध्याकाळीही हलवायचं," मी बजावलं. "नाहीतर रीडिंग बाद."

"अर्थात," दादा म्हणाला.

वहिनी तेव्हा केबिनमध्ये उरुळीच्या गिऱ्हाइकाला फोनवर गाडीचे टायर सांगत होती. तिनं हे काही ऐकलं नाही.

कात्रजचा बोगदा ओलांडून टोलनाक्याच्या पुढे गेलो आणि हवालदारांनी हात केला. गाडीच्या बांधणीत फेरफार केला तर कागद लागतात, हे मला माहीत होतं.

"हे काय लावलंय?"

दादानं तोंड उघडलं. वाऱ्याचा रोध हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले मला दिसले. वहिनीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"झाडांवरचं झाकण आहे हो, साहेब. उन्हानं करपतात. चार दोऱ्या सोडल्या की निघतं, ताडपत्रीसारखं."

साहेबांनी मागची कड उचलून आत डोकावलं. आत, अर्धवट काळोखात, हात जोडून भावी नगरसेवक हसत होते. साहेबांनी कड हळूच खाली सोडली.

"यांची झाडं आहेत काय?"

"झाडं माझी आहेत," वहिनी म्हणाली. हे खरंच होतं.

"सावकाश जावा," ते म्हणाले.

साहेब आरशातून दिसेनासे झाले. मग वहिनी म्हणाली, "माणूस निवडून आला नाही, पण कामाला आला." त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली ती तिथे.

खंबाटकी

घाट चढताना डावीकडे दरी मोकळी झाली की वारा बाजूनं येतो. धरणाच्या रस्त्यावर आम्ही पुढून येणारा वारा मोजला होता. बाजूच्या वाऱ्याचा विचारच केला नव्हता.

आधी टकटक आलं. मग मागून कुणी ढोल वाजवावा तसा आवाज. आरशात पाहिलं तर फ्लेक्सची मागची डावी कड सुटून फडफडत होती. आमच्या मागे एक मोटारसायकल होती, तिच्यावर नवरा-बायको आणि मधे एक लहान मूल. मी ओरडले, "दादा, थांब, मागे माणसं आहेत!"

त्यानं गाडी कडेला घेतली. मोटारसायकल आमच्या बाजूनं निघून गेली, आणि बाईनं मागे वळून आमच्याकडे असं काही पाहिलं की मी मान खाली घातली. एका हाताच्या अंतरावरून मालट्रक जात होते. प्रत्येक ट्रकसरशी हवेचा धक्का बसायचा आणि झाकण उचललं जायचं. दादा हौद्यावर चढला. त्यानं सुटलेली पट्टी धरली आणि त्याच क्षणी वाऱ्यानं फ्लेक्स फुगवला. दादा चवड्यांवर उचलला गेलेला मी पाहिला.

"सोडा ते!" वहिनी किंचाळली. "अहो, सोडा! जाऊ दे दरीत!"

"सोडलं तर रस्त्यावर जाईल," तो दात आवळून म्हणाला.

वहिनीनं दोन्ही हातांनी त्याच्या कमरेचा पट्टा पकडला आणि सगळं वजन टाकून खाली ओढलं. मी दुसरी दोरी घेऊन कोपऱ्यावर पडले, पडले म्हणजे अक्षरशः आडवी झाले. झाकण खाली आलं. पट्टीच्या धारेनं दादाचा उजवा तळहात चांगलाच कापला होता.

कोपऱ्याची सुतळी झिजून तुटली होती. वहिनीनं पिशवीतून कलम बांधायची पट्टी काढली. आधी दादाचा हात बांधला. मग झाकणाचा कोपरा. कलम बांधताना फांदी हलता कामा नये म्हणून ती जसे वेढे घालते, तसेच एकावर एक, ताणून ताणून. मग न सांगता उरलेले तीन कोपरेही.

"झाडांसाठी करतेय," ती म्हणाली. "कासवासाठी नाही."

दादा म्हणाला, इथूनच परत फिरू या. वहिनी म्हणाली, रोपं कराडला द्यायची आहेत. मग दादानं डाव्या हातानं चावी फिरवली आणि आम्ही साताऱ्याकडे निघालो. त्यानंतरच्या प्रत्येक मैलाला मी आरशात कोपरे मोजत होते.

कराडच्या अलीकडे

शालनताईंचं घर महामार्गापासून आत, उसाच्या पट्ट्यात. गावच्या शाळेभोवती झाडं लावायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय. मागच्या आठवड्यात उघड्या हौद्यातून गेलेली रोपं त्यांनी बघितली होती आणि तोंडावर सांगितलं होतं, "पुन्यापास्नं वाळवान आनलंसा व्हय?"

या वेळी झाकण उचललं आणि त्या वाकून बघत राहिल्या. जास्वंदीचं एक रोप हातात घेऊन त्यांनी पानं उलटीसुलटी केली.

"एकबी पान फाटलं न्हाय की, वासंतीताई. मातीबी वली हाय अजून." मग आतल्या चेहऱ्याकडे नजर गेली. "ह्ये कोन पावनं?"

"गाडीबरोबर आलेत," वहिनी म्हणाली.

आमच्या पेठेत दारात आलेल्या माणसाला चहा घेणार का, असं विचारतात, आणि विचारणाऱ्याचा आवाज नाही ऐकायच्या तयारीत असतो. इथे कुणी काही विचारलंच नाही. हातावर पाणी पडलं आणि समोर ताट आलं. ज्वारीची भाकरी, आख्खा मसूर, मिरचीचा खर्डा, कांदा, ताक. दादाला उजव्या हातानं घास मोडेना. शालनताईंच्या सासूबाईंनी त्याच्या पुढ्यात बसून भाकरी कुस्करून दिली आणि ओळखपाळख नसताना त्याला दम भरला की सगळं संपव. दादानं निमूटपणे संपवलं. मी इतकं चवीचं खूप दिवसांत जेवले नव्हते.

निघताना शालनताईंनी गुळाची ढेप आणून हौद्यात ठेवली. दादाचा चेहरा पडला. मागच्या शनिवारी आम्ही रिकामे परतलो होतो, आणि वजन वाढलं की परीक्षा बिघडते. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात वहिनीनं ढेप उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

"मांडीवर घेतल्यानं वजन कमी होत नाही, वहिनी," मी म्हटलं.

"मग तुम्ही चालत या, वन्सं." मला वन्सं म्हणते म्हणजे ती रागावलेली असते.

आहेर परत करायची सोय नव्हती. शेवटी पिण्याच्या पाण्याचा आमचा भरलेला कॅन शालनताईंच्या अंगणात ठेवला. उचलून पाहिला तर ढेपेच्या वजनाच्या आसपास होता. पाणी कशासाठी ठेवताय, हे त्यांना कुणीच समजावून सांगितलं नाही. पुण्याचे लोक पाणी सोबत आणतात आणि ठेवून जातात, असं आता तिथे म्हणत असतील.

परत

येताना खंबाटकीचा बोगदा गुमान पार झाला. कोपरे हलले नाहीत. साताऱ्याला कंदी पेढे घ्यायलाही दादा थांबला नाही. थांबलं की गाडी पुन्हा वेगात आणायला डिझेल लागतं. काटा त्यानं साठाच्या पुढे जाऊ दिला नाही. मागून ट्रकवाले दिवे मारत होते आणि ओलांडून जाताना आमच्याकडे बघत होते.

वहिनीचा फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा उरुळीचं गिऱ्हाईक. उद्या नऊला येऊ की दहाला? पुण्यात पोचून सांगते, ती म्हणाली. दादा रस्त्याकडे बघत होता. सबंध दिवसात त्यानं तिला एकदाही विनवलं नव्हतं, आणि तेच मला बघवत नव्हतं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सरळ उतार. इथे गाडी न्यूट्रलवर टाकून डिझेल वाचवायचा मोह भल्याभल्यांना होतो आणि मग ब्रेक साथ देत नाहीत. इथल्या बातम्या आम्ही पुणेकर दर थोड्या दिवसांनी वाचतो. मी दादाच्या हाताकडे बघत होते. इथे न्यूट्रल केलं असतं तर चार घोट वाचले असते. पट्टी बांधलेला त्याचा हात गिअरवर होता. त्यानं गाडी तिसऱ्यात टाकली, इंजिन ओरडायला लागलं आणि आम्ही मुंगीच्या पावलांनी उतरलो.

पंपावर रांग होती. सकाळचा माणूस जाऊन दुसरा आला होता, घाईत. दादा थकून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. नळी लागली, आकडे पळाले, खट्‌कन थांबले. चोवीस लिटर. मी मोबाइलवर भागाकार केला. तेराच्याही वर आले. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझं तोंड मला लपवता येत नाही.

"झाले?" तिनं विचारलं.

दादानं डोकं उचललं.

मला माहीत होतं. गाडी हलवलेली नव्हती. सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली होती आणि आता तिच्यात हवा तशीच होती. विद्यार्थ्यानं हे केलं असतं तर मी त्याला उभं करून शून्य दिलं असतं. पण दादाचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि उद्या नऊ-दहाला येणारा तो माणूस. मी बोलले नाही. नळीवाला नळी काढायला वाकला.

"थांबा," दादा म्हणाला. "काढू नका."

तो दार उघडून खाली उतरला. डाव्या हातानं त्यानं हौदा धरला आणि ढकलायला लागला.

"आता हे काय?" वहिनी खाली उतरत म्हणाली.

"हलवायची राहिली. सकाळी हलवली होती."

"हलवल्यानं काय होतं?"

"आणखी मावतं."

वहिनी हिशेबाला पक्की, तिला कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे तेरा राहणार नाहीत."

"बहुतेक नाही."

तो एका हातानं ढकलत होता. गाडी जेमतेम डुलत होती. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. वहिनी दादाकडे बघत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला, पदर खोचला आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली.

"एका हातानं काय हलणार आहे," ती म्हणाली. "मी ओढते, तुम्ही ढकला."

पिकअप डोलायला लागली. टाकीतून गुडगुड आवाज आला आणि डिझेल खाली बसलं. नळीवाल्यानं पुन्हा खटका दाबला. आकडा सव्वीसवर जाऊन थांबला. मी भागाकार केला आणि या वेळी मोठ्यानं सांगितला. सव्वाबारा.

दादानं मान हलवली आणि खिशातून पाकीट काढलं. त्याच वेळी वहिनीचा फोन वाजला.

"हं, बोला," ती म्हणाली. "नाही, नऊला नको... दहालाही नको. गाडी विकायची नाहीये... नाही हो, किमतीचा प्रश्न नाही. तिला हलवायला दोघं लागतात, म्हणून ठेवतोय."

दादा पाकीट उघडं धरून तसाच उभा राहिला. रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांबलचक.

केबिनमध्ये बसल्यावर गुळाची ढेप मांडीवर घेत वहिनी म्हणाली, "बाजूच्या वाऱ्याचं काहीतरी करा. आणि दोऱ्या मी बांधीन. सुतळी म्हणे!"

तिथून खडकवासल्याच्या रस्त्याला लागेपर्यंत दादा एकसारखा बोलत होता. गाडीशी नाही.